एकच स्वेल, दोन सुट्ट्या : बालीतल्या डायव्हिंग-सर्फिंग सहलीचं एक प्रकरण

प्रकरणातली माणसं चार. पुण्यात बँकेत नोकरी करणारी थोरली बहीण; तिनं तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचा ‘ओपन वॉटर’ हा पहिला कोर्स केलेला आणि नंतर अंदमानात काही डाइव्ह्ज मारलेल्या. तिचे यजमान, वय ४७, रक्तदाबाची गोळी चालू, पोहता चांगलं येतं पण पाठीवर सिलिंडर कधी चढवलेला नाही. त्यांची १२ वर्षांची मुलगी. आणि बहिणीचा धाकटा भाऊ, बंगळुरूला आयटीत, शनिवार-रविवार साधून मुल्कीला सर्फिंग करणारा. मुलीच्या शाळेमुळे सुट्टी मे महिन्यातच. नऊ रात्री. बजेट मध्यम, म्हणजे हॉटेलच्या वर्णनात ‘प्रायव्हेट पूल’ दिसला की पुढचं हॉटेल बघायचं.

बहिणीला बुडालेलं जहाज बघायचं होतं आणि जमलं तर मांटा रे हे अवाढव्य मासे. भावाला रोज सकाळी लाट हवी होती. यजमानांची अट एकच: भावंडांची भांडणं त्यांच्यापर्यंत पोचू नयेत.

डायव्हिंग शिकवता शिकवता लोकांचे असे आराखडे करून देणं हे आता माझं निम्मं काम झालंय. या मागणीत गोम कुठे आहे, ते पहिल्याच फोनवर कळलं. डायव्हरला समुद्र शांत हवा: वर बोट हलू नये, खाली वाळू ढवळू नये, पंधरा-वीस मीटर लांबचं स्वच्छ दिसावं. सर्फरला मात्र हजारो किलोमीटरवर कुठेतरी वादळ झालेलं हवं आणि तिथून निघालेली लाट (हिलाच स्वेल म्हणतात) त्याच्या किनाऱ्यावर नीट येऊन फुटायला हवी. दोघंही ‘समुद्रावर जायचंय’ असंच म्हणतात, म्हणून घरच्यांना ही एकच सहल वाटते.

मे महिन्यात कुठे?

कोकणाचा विचार पाच मिनिटांत संपला. मेअखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत तारकर्ली-मालवणचे जलक्रीडा प्रकार बंद असतात आणि त्याआधीचे आठवडे गर्दीचे. शिवाय बहिणीचं तिथलं पाणी बघून झालेलं. अंदमानात मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत डायव्हिंग छान चालतं, पण नैऋत्य मान्सून देशात सगळ्यात आधी तिथेच पोचतो, साधारण तिसऱ्या आठवड्यात. आणि सर्फिंगच्या लाटा आहेत लिटल अंदमानला. म्हणजे डायव्हिंग आटोपून स्वराज द्वीपहून (जुनं हॅवलॉक) परत श्री विजयपुरमला यायचं (जुनं पोर्ट ब्लेअर) आणि तिथून पुढचं जहाज धरायचं. नऊ रात्रींतल्या तीन रात्री धक्क्यावरच जातील. मालदीवमध्ये मे महिन्यात लाट उत्तम असते, पण तिथल्या बहुतेक लाटा प्रवाळावर फुटतात, त्यांच्यापर्यंत बोटीनं जावं लागतं आणि मुल्कीच्या वाळूवर शिकलेल्या माणसाला मी तिथे एकटा सोडणार नाही. बजेटही सांगत होतंच.

खरी स्पर्धा श्रीलंकेशी होती. हिक्कडुवा, वेलिगामा ही लोकांच्या तोंडी असलेली ठिकाणं नैऋत्य किनाऱ्यावर. मे महिन्यात तिथे मान्सून धडकतो आणि डायव्हिंग थांबतं. पण त्याच महिन्यात पूर्व किनारा उघडतो. आरुगम बेला सर्फिंगचा हंगाम सुरू होतो, त्रिंकोमालीजवळच्या पिजन आयलंडला पाणी स्वच्छ असतं. विमानाचा प्रवास छोटा, खर्च कमी. अडचण दोन ठिकाणी आली. आरुगम बे आणि त्रिंकोमाली एकाच किनाऱ्यावर असूनही मध्ये बट्टिकलोआवरून जाणारा पाच-सहा तासांचा रस्ता आहे. आणि दुसरी अडचण जहाजाची. बट्टिकलोआसमोर ‘एचएमएस हर्मिस’ ही ब्रिटिश विमानवाहू नौका पडली आहे, जपानी विमानांनी ९ एप्रिल १९४२ ला बुडवलेली. डायव्हर मंडळी तिचं नाव आदरानं घेतात. पण ती आहे ५० मीटरच्याही खाली, आणि ओपन वॉटरवाल्याची मर्यादा १८ मीटर. बहिणीनं ती फक्त नकाशावर बघायची.

बालीचं जहाजही १९४२ चंच. ‘यूएसएटी लिबर्टी’ या अमेरिकन मालवाहू जहाजावर ११ जानेवारीला लोंबोकजवळ जपानी पाणबुडीनं टॉर्पेडो सोडला. ओढून नेताना ते बुडायला लागलं, म्हणून बालीच्या ईशान्य किनाऱ्यावर, तुलांबेनला, वाळूत चढवलं. एकवीस वर्षं ते तिथेच पडून होतं. १९६३ साली आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्या हादऱ्यांनी ते किनाऱ्यावरून घसरून पाण्यात गेलं. आज सुमारे १२० मीटर लांबीचं हे जहाज आडवं पडलंय: वरचा भाग पाचेक मीटरवर, तळाचा तीसच्या आसपास. बोट लागत नाही. किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं, थोडं पोहायचं, की जहाज. वरचा भाग स्नॉर्केल (श्वासाची नळी) लावूनही दिसतो, म्हणजे यजमान आणि मुलगी कोरडी बसणार नाहीत. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

भावानं मध्येच गुढीपाडव्याला जोडून सुट्टी काढायचं सुचवलं होतं. बालीला जाणाऱ्या मराठी माणसानं हे एक लक्षात ठेवावं. तिथेही शक संवत चालतो आणि त्यांचं नववर्ष, न्येपी, बऱ्याचदा आपल्या पाडव्याला लागूनच येतं. २०२५ मध्ये न्येपी २९ मार्चला आणि पाडवा ३० ला होता, २०२६ मध्ये दोन्ही १९ मार्चला. आपण गुढी उभारून श्रीखंड खातो. ते दिवसभर मौन पाळतात, दिवे लावत नाहीत, रस्त्यावर कुणी येत नाही आणि विमानतळसुद्धा २४ तास बंद असतो. अनुभव म्हणून सुंदर. पण लाट मोजायला निघालेल्या माणसाचा दिवस हॉटेलच्या खोलीत जायचा.

बेटाच्या दोन बाजू

बालीत दोन्ही जमतं, ते बेटाच्या ठेवणीमुळे. एप्रिल ते ऑक्टोबर या कोरड्या हंगामात वारा आग्नेयेकडून वाहतो. कुटा, चांगू, उलुवातू हा पश्चिमेकडचा किनारा; तिथे हा वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, म्हणजे सर्फर ज्याला ऑफशोअर म्हणतात तो. लाटेचा चेहरा गुळगुळीत राहतो, ती उशिरा आणि नीट फुटते. लाट येते दक्षिण हिंदी महासागरातून. ईशान्येला असलेल्या तुलांबेनला मात्र आख्खं बेटच आडोसा देतं; दक्षिणेची लाट तिथे पोचत नाही. पश्चिमेला सर्फिंग ऐन भरात असताना इकडे पाणी बहुतेक सकाळी शांत असतं, आणि दोन्हींमध्ये मोटारीनं तीन तासांचं अंतर.

पेच उरला तो नुसा पेनिडा या शेजारच्या बेटाचा. बाली आणि लोंबोकच्या मधल्या सामुद्रधुनीतून पॅसिफिकचं पाणी हिंदी महासागराकडे वाहतं आणि पेनिडा या प्रवाहाच्या वाटेतच आहे. मांटा जिथे अंग स्वच्छ करून घ्यायला येतात तो मांटा पॉइंट बेटाच्या दक्षिण अंगाला, उघड्या महासागराकडे तोंड करून. म्हणजे भावाला कुटाला जी लाट हवी, तीच बहिणीच्या मांटा पॉइंटवर आपटते. स्वेल मोठा असला की बोटी तिकडे जात नाहीत, जाऊ नयेच. एकाच स्वेलवर दोघांची सुट्टी अवलंबून होती.

भाऊ फोनवर म्हणाला, “ताई, तुझ्या माशांसाठी मी सपाट समुद्राची प्रार्थना करू का आता?”

“नको. तू तुझी कर, मी माझी करते. बघू कुणाचं ऐकतो तो.”

हे भांडण लाटांच्या अंदाजाच्या तक्त्यावर सोडवता येतं, पण तो वाचता आला पाहिजे. भाऊ फक्त लाटेची उंची बघायचा. मुल्कीला पावसाळ्याआधी वाऱ्यानं उठलेल्या लाटा येतात, सात-आठ सेकंदांच्या अंतरानं. बालीला दक्षिणेकडून येणारा स्वेल १४-१६ सेकंदांचा असतो. कागदावर दोन्हीकडे ‘१.५ मीटर’च लिहिलेलं. पण उंची तीच राहून दोन लाटांमधलं सेकंदांचं अंतर दुप्पट झालं की लाटेतली शक्तीही दुप्पट होते, आणि उथळ पाण्यात आल्यावर ती लाट जास्त उंच उभी राहते. (हाच लांब पल्ल्याचा स्वेल कधी कधी केरळच्या किनाऱ्यावर वारा नसताना, ऊन पडलेलं असताना घरांत शिरतो. तिथले लोक त्याला कल्लक्कडल म्हणतात आणि हैदराबादचं इन्कॉइस हे सागरी माहिती केंद्र त्याचे इशारे देतं.) मी भावाला म्हटलं, आधी सेकंद वाच, मग मीटर.

त्यावरून दोन दिवस मोकळे ठेवले, सहावा आणि सातवा. स्वेल लहान असला तर सगळ्यांनी मांटा पॉइंटला जायचं. कुटाला काही चुकत नाही, भावानं स्नॉर्केल लावून मांटा बघावेत. मध्यम असला तर भाऊ लाटेवर, बहीण पेनिडाच्या उत्तर बाजूला प्रवाहासोबतच्या ड्रिफ्ट डाइव्हला. मोठा असला तर मांटा रद्द, आणि भावानंही पाण्यात न जाता उलुवातूच्या कड्यावर उभं राहून जाणत्यांना बघायचं. बोटवाला ‘चला’ म्हणाला तरी आकडे नाही म्हणत असतील तर नाही. ही शेवटची ओळ मी ठळक अक्षरात लिहून दिली होती.

पेनिडासाठी तारखा निवडताना पंचांग उघडलं. कोकणातल्या कुठल्याही दर्यावर्दी माणसाला हे सांगावं लागत नाही: पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा फरक मोठा, म्हणून सामुद्रधुनीतला ओढाही मोठा. वीस-पंचवीस डाइव्ह्ज झालेल्या माणसानं पेनिडाला भांगाच्या दिवसांत जावं. विमानाची तिकिटं वैशाख वद्य अष्टमी सहाव्या दिवसाच्या आगेमागे येईल अशी काढली. ट्रॅव्हल एजंटला वाटलं, मुहूर्त बघतायत.

आधी डायव्हिंग, मग सर्फिंग

हा क्रम मी कुणासाठीच उलटा करत नाही. डाइव्हनंतर अंगात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो; त्याआधी विमानात बसलं तर कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होऊ शकतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या शिफारशीनुसार एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक दिवसांच्या डाइव्ह्जनंतर किमान १८ तास थांबावं. मी २४ धरतो. सर्फिंग शेवटी ठेवलं की ही वाट बघणं आपोआप होतं, एकही दिवस वाया जात नाही. दुसरं कारण लोक विसरतात: सर्फिंगमध्ये खरचटतं, खांदे भरून येतात, नाकात पाणी जाऊन सायनस बंद होतात. असं अंग घेऊन खाली गेलं की कान उघडत नाहीत, म्हणजे आतला दाब बाहेरच्या पाण्याशी जुळत नाही.

एकाच दिवशी दोन्ही करायचा मोह भावाकडून नाही, बहिणीकडून आला: सकाळी डाइव्ह, संध्याकाळी सर्फिंगचा पहिला धडा. नाही म्हटलं. डाइव्हनंतर लगेच अंगमेहनत टाळावी हा एक मुद्दा. दुसरा म्हणजे चांगली लाट आणि स्वच्छ पाणी, दोन्ही सकाळचंच. दुपारी वारा चढल्यावर दोन्हीकडे उरलंसुरलं मिळतं.

उंचीचा नियम डोंगरालाही लागू आहे. बातूर ज्वालामुखीवरून सूर्योदय बघायचं चौघांच्याही यादीत होतं. बातूर १,७१७ मीटर. तुलांबेनहून दक्षिणेला येताना काही चालक किंतामणीवरून, म्हणजे दीड हजार मीटरच्या कडेवरून, गाडी आणतात, ‘व्ह्यू चांगला’ म्हणून. डाइव्ह करून निघालेल्या माणसानं किनाऱ्याचा रस्ता धरावा. चालकाला हे आदल्या दिवशीच सांगायचं ठरलं, आणि बातूर आठव्या दिवसावर टाकला.

सगळ्यात अवघड गोष्ट समुद्राशी संबंधित नव्हतीच. तुलांबेनला तीन दिवस लाट नाही, मग भावानं तिथे करायचं काय? माझं म्हणणं, त्यानं पहिले चार दिवस कुटाशेजारच्या लेगियनला स्वतंत्र राहावं, प्रशिक्षक लावून वाळूवरच्या लाटेवर हात बसवावा आणि पाचव्या दिवशी, पेनिडाच्या बोटी जिथून सुटतात त्या सानुरला इतरांना भेटावं. साताऱ्याहून बहीण-भावाच्या आईंचा फोन आला: “एकत्र जाताय ना? मग वेगवेगळं कशाला राहायचं?” आपल्या घरांत सहल म्हणजे सगळ्यांनी सगळं एकत्र करायचं, एकाला बघायचं असलेलं देऊळ चौघांनी बघायचं. दोन आठवडे यावर चर्चा झाली. शेवटी यजमानांनीच तोडगा काढला: शेवटच्या तीन रात्री सगळे लेगियनला, आणि तेव्हा भावानं भाचीला सर्फिंग शिकवायचं. आई तयार झाल्या.

कागदपत्रं

स्कूबाच्या आधी जो आरोग्याचा फॉर्म भरून घेतात, त्यात ठरावीक प्रश्नांना ‘हो’ आलं की डॉक्टरची सही लागते. वय ४५ च्या वर आणि रक्तदाब, म्हणजे यजमानांचं ‘हो’ नक्की. ही सही पुण्याहूनच न्यायची. तुलांबेनच्या किनाऱ्यावर हा फॉर्म पहिल्यांदा हातात आला की एक तर खोटं लिहिलं जातं, नाही तर पैसे आणि दिवस दोन्ही जातात. मुलीचं वय अडचण नव्हतं. अनुभव म्हणून करायची पहिली डाइव्ह १० वर्षांपासून करता येते, १२ मीटरपर्यंत.

विमा दोन पदरी काढला. नेहमीच्या प्रवास विम्यातून स्कूबा बहुतेकदा वगळलेलं असतं किंवा खोलीची मर्यादा असते. बहिणीसाठी डायव्हिंगचा वेगळा विमा घेतला. भावाला स्कूटर भाड्यानं घ्यायची होती. आंतरराष्ट्रीय परवान्यावर दुचाकीचा शिक्का नसेल तर अपघातात विमा हात वर करतो, म्हणून तो आरटीओत जाऊन परवाना काढून आला. बालीत परदेशी पर्यटक पाण्यापेक्षा स्कूटरवरून जास्त जखमी होतात असं माझं मत आहे. रस्त्यावरची बँडेज बघून झालेलं.

व्हिसा तिथे पोचल्यावर मिळतो, ३० दिवसांचा, ५ लाख रुपिया. आपले अंदाजे पावणेतीन हजार. फेब्रुवारी २०२४ पासून बाली प्रांताचा दीड लाख रुपियांचा पर्यटक कर वेगळा. दोन्ही ऑनलाइन आधीच भरले.

प्रत्यक्षात काय झालं

तुलांबेन अपेक्षेपेक्षा चांगलं गेलं, आणि त्याचं कारण मुक्काम. दक्षिणेकडून एका दिवसासाठी येणाऱ्या गाड्या नऊ-दहाला पोचतात आणि मग जहाजावर रांगा लागतात. गावातच राहिल्यामुळे बहीण उजाडताच पाण्यात असायची. त्या वेळी बम्पहेड पॅरटफिशचा कळप जहाजाभोवती असतो. मोठे, कपाळावर टेंगूळ असलेले, सुस्त. किनारा वाळूचा नाही, काळ्या गोट्यांचा आहे. सिलिंडर पाठीवर घेऊन त्यावरून चालताना भलेभले धडपडतात. गावातल्या बायका मात्र एकेक सिलिंडर डोक्यावर ठेवून ताठ चालत जातात. बहिणीनं डाइव्ह्जपेक्षा त्यांचेच फोटो जास्त पाठवले.

यजमानांचा कान चार मीटरवर उघडेना. प्रशिक्षकानं जरा वर घेतलं, पुन्हा प्रयत्न केला, मग थांबवलं. हे योग्य झालं; कानाशी जबरदस्ती केली तर पडदा जातो. त्यांनी उरलेले दोन दिवस स्नॉर्केल लावून जहाजाच्या वरच्या भागावर तरंगत घालवले, आणि खालून जाणाऱ्या बायकोचे बुडबुडे वर येताना बघितले. मुलगी प्रशिक्षकासोबत खाली जाऊन आली आणि नंतर तासभर कुणाशी बोलली नाही.

लेगियनला भावाचे पहिले तीन दिवस लहान लाटेचे होते. त्याला मोठ्या फोम बोर्डवर बसवल्याचा राग होता. चौथ्या दिवशी अंदाजात १६ सेकंदांचा स्वेल दिसायला लागला आणि सहाव्या दिवशी तो आला, जवळपास २ मीटरचा. ठरल्याप्रमाणे मांटा रद्द. सानुरला एक बोटवाला न्यायला तयार होता, त्याचे इतर प्रवासी गेलेही. बहिणीनं ठळक अक्षरातली ओळ पाळली आणि पेनिडाच्या उत्तर बाजूला दोन ड्रिफ्ट डाइव्ह्ज केल्या: भांगाचे दिवस असल्यामुळे प्रवाह बेताचा, प्रवाळ भरगच्च. दुपारी कळलं की दक्षिणेला गेलेली बोट पाण्यात कुणालाही न उतरवता परतली.

भावानं मात्र त्याच्या वाट्याची ओळ पाळली नाही. उलुवातूला न जाता तो सकाळी लेगियनलाच पाण्यात शिरला. लाटा एका वेळी सगळ्या लांबीत बंद होत होत्या, ज्याला क्लोज-आउट म्हणतात. लाटांच्या दुसऱ्याच सेटला लीश (बोर्ड पायाला बांधणारी दोरी) तुटली, बोर्ड किनाऱ्याकडे गेला आणि तो पोहत बाहेर आला. फुटलेल्या बोर्डाचे पैसे भरले. संध्याकाळी त्यानं मला एकच मेसेज केला: “सेकंद.”

सातव्या दिवशीही स्वेल पुरता उतरला नाही, त्यामुळे मांटा राहिलेच. आठव्या दिवशी पहाटे बातूर. तोवर बहिणीची शेवटची डाइव्ह होऊन चाळीसेक तास झाले होते. नवव्या दिवशी सकाळी कमरेएवढ्या स्वच्छ लाटा, ऑफशोअर वारा, आणि भाची तिसऱ्या प्रयत्नात बोर्डावर उभी.

आता बहिणीला पुढच्या वेळी मोला मोला बघायचाय. हा प्रचंड सूर्यमासा पेनिडाला साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये वर येतो, खालचं थंड पाणी उसळून वर आल्यावर. पाण्याचं तापमान कधी कधी २० अंशांच्याही खाली जातं, प्रवाह खाली ओढतात. त्यासाठी आधी अॅडव्हान्स्डचा कोर्स आणि थंड पाण्यातल्या डाइव्ह्ज, असं तिला सांगितलंय. या हिवाळ्यात कर्नाटकातल्या मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाला जाऊन कोर्सची सुरुवात करेल. ऑगस्टमध्ये कुटाचा स्वेल मे महिन्यापेक्षाही मोठा असतो, त्यामुळे भावाचं काय करायचं ते ठरलेलं नाही. यजमानांनी त्यांच्यापुरतं ठरवलंय: कान तपासून घ्यायचा, आणि दोन्ही किनाऱ्यांपासून सारख्याच अंतरावर एखादं हॉटेल आहे का ते विचारलंय.